कायद्याचा कान

विसर्जन मिरवणुकीतली डीजेची भिंत गल्लीच्या तोंडाशी आली, की घरातली वयस्क माणसं सांगतात ते असं: छातीत धडधडतंय, तावदानं वाजताहेत, मांडणीवरची भांडी हलताहेत. कान दुखल्याचं त्या मानानं कमीच ऐकू येतं. ही तक्रार आपल्या कायद्याला नीट ऐकू जात नाही, आणि त्याचं कारण आवाज मोजण्याच्या पद्धतीतच आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, व्यापारी भागाला ६५ आणि ५५ची. ध्वनिक्षेपक लागला असेल, तर सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते. हे आकडे गणेशोत्सवात दरवर्षी छापून येतात. नियमांत मात्र डेसिबलच्या पुढे कंसात एक 'ए' आहे, तो बातमीत बहुधा गळतो.

तो 'ए' काय करतो? हलका आवाज ऐकताना आपल्या कानाला खर्जातला भाग फार कमी जाणवतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये याचे आलेख मांडले. त्यांच्या आधारे मीटरांत गाळण्या बसवल्या गेल्या: हलक्या आवाजांसाठी 'ए', मध्यमसाठी 'बी', मोठ्यासाठी 'सी'. पुढे 'बी' मागे पडली आणि 'ए' सगळ्याच आवाजांसाठी वापरात आली. रहदारीसारख्या आवाजाला ती बऱ्यापैकी चालते, एकच आकडा हाती येतो, तुलना सोपी होते. या सोयीला माझा आक्षेप नाही. पण आवाज मोठा होत जातो तसा कानाला खर्जही अधिकाधिक जाणवू लागतो, आणि 'ए' मात्र तो तितकाच गाळत राहते.

किती गाळते? डॉल्बीच्या बेसमध्ये असते तशा ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल. ऊर्जेच्या हिशेबात ही चारशे पटींची काट झाली. म्हणजे निव्वळ ६३ हर्ट्झचा १०० डेसिबलचा ठोका 'ए'वर ७४ दिसतो. व्यापारी भागात दिवसा ध्वनिक्षेपकाला ७५पर्यंत मुभा, म्हणजे तो नियमात बसतो! 'सी'वर तोच ९९ दिसेल.

गाण्यात नुसता बेस नसतो, हे खरं. शब्द असतात, झांज असते, आणि भर रस्त्यात मीटर त्यांच्यामुळेच मर्यादा ओलांडतो. पण घरात शिरा, दारंखिडक्या लावून घ्या. भिंत तीव्र स्वर अडवते; साडेपाच मीटर लांबीच्या लाटेचा हा खर्ज तिला फारसा जुमानत नाही. आजारी माणसाच्या खाटेपर्यंत पोचतो तो एवढाच ठोका, गाण्यातून गाणं वजा केल्यावर उरलेला. तिथं 'ए' मीटर धरला तर आकडा सौम्य येतो, आणि तक्रार करणारा खोटा ठरतो. मला यातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९च्या मार्गदर्शक सूचनांत खर्जप्रधान आवाजाला 'ए' अपुरी पडते हे नोंदवलं होतं. जर्मनीच्या प्रमाणकात याची साधी कसोटी होती: 'सी' आणि 'ए' या दोन आकड्यांत २० डेसिबलपेक्षा जास्त अंतर पडलं, की खर्जाची वेगळी तपासणी करायची.

आपल्याकडे हे करायला दिल्लीच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागू नये. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी स्थानिक अधिकारीच देतात. चांगल्या ध्वनिमापकावर 'ए'बरोबर 'सी'ही असते, कळ फिरवली की झालं. परवानगीच्या अटींत बेसची मर्यादा लिहावी, आणि पंचनाम्यात 'ए' आणि 'सी' हे दोन्ही आकडे नोंदवावेत: रस्त्यावरचेही आणि तक्रारदाराच्या बंद खोलीतलेही.