कीटक, भृंगी आणि बांधावरची रुई

कीटक-भृंगीचा दृष्टान्त आपल्या संतवाङ्मयात वारंवार भेटतो. कुंभारीण माशी मातीच्या घरट्यात अळी आणून ठेवते, तिच्याभोवती गुणगुणत राहते आणि त्या ध्यासाने अळीच माशी होऊन बाहेर पडते. तसा भक्त चिंतन करता करता देवरूप होतो. कीटकशास्त्राने पुढे याची उकल केली. माशी अळीला दंश करून सुन्न करते, घरट्यात आपले अंडे घालते आणि अंड्यातून निघालेले पिल्लू ती ताजी अळी खाऊन वाढते. एवढे कळल्यावर दृष्टान्त खोटा ठरला, असे अनेकांना वाटते. मला वाटत नाही. अळीची माशी झाली हे खरेच आहे. ती भक्ष्य होऊन झाली, इतकेच.

फुलपाखराचा विचार मी इथून सुरू करतो, कारण आपण त्याला फार वेळ फुलावरच पाहत आलो. एक मादी शेकड्याने अंडी घालते. पिढ्यान्‌पिढ्या संख्या साधारण तेवढीच राहत असेल, तर त्यातली सरासरी दोनच पुढची पिढी घडवण्यापर्यंत पोचतात. बाकीच्यांचे बुलबुल होतात, शिंपी होतात, वटवटे होतात, कोळी आणि गांधीलमाश्या होतात. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिलांना आधी अळ्याच भरवते. परागीभवनात मधमाशीचा वाटा फुलपाखराहून मोठा आहे. पानातले सत्त्व पाखरांच्या चोचीपर्यंत नेणे हे मात्र अळीचे काम, आणि निसर्गाच्या हिशेबात तेच मोठे.

पलूसच्या कृष्णाकाठी ते कुठे चालते? ऊस आणि द्राक्ष यांनी इथली जमीन भरली आहे. शेजारी सागरेश्वर आहे. उघड्या डोंगरावर माणसांनी झाडे लावून उभे केलेले, 1985 साली जाहीर झालेले, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे अभयारण्य. ते मोलाचे आहेच. पण शिवारातल्या फुलपाखराला मुख्यतः बांधच उरला आहे.

बांधावरच्या रुईचे पान उलटून पाहा. तांबूस-नारिंगी पंखांचे, काळ्या टोकांवर पांढरे ठिपके मिरवणारे प्लेन टायगर त्यावर सुटे-सुटे अंडे घालते. मादी आधी पुढच्या पायांनी पान चाचपते, कारण चव तिला पायांतून कळते. अळी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची. गुरेही तोंड लावत नाहीत अशा चिकाच्या पानावर ती पोसते. त्यातले विष काही प्रमाणात अंगात साठते आणि पंख फुटल्यावरही टिकते. पाखराने एकदा चव घेतली, की तो रंग ते विसरत नाही. नरांचे रुईवरच भागत नाही. सुकलेल्या खुळखुळ्यातून आणि भुरुंडीतून ते अल्कलॉइड शोषतात आणि त्यातून मादीला ओढणारा गंध घडवतात. एका फुलपाखराच्या संसाराला अशा किती झाडांचा आधार लागतो!

त्याहून नवल घोळीचे. आपण जिची भाजी करतो, त्याच घोळीवर डॅनाइड एगफ्लाय वाढते. त्याचा नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मादी मात्र हुबेहूब रुईवरच्या फुलपाखरासारखी. तिच्या अंगात रुईचे विष नाही, पण रंगाचा धाक तिला राखतो. म्हणजे बांधावरची रुई तोडली, की जिने रुईला कधी तोंडही लावले नाही त्या घोळीवरच्या मादीचेही कवच गळते. हा संबंध कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो.

आता कोशाकडे. रुईवरच्या फुलपाखराच्या हिरवट कोशावर सोनेरी ठिपके असतात. आत पान कुरतडणारे जबडे जाऊन मध शोषणारी सोंड येते. आतडे नव्याने घडते. पंखांची बीजे अळीच्या अंगात आधीपासूनच असतात. आधीचे काही उरते का? 2008 साली अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका पतंगाच्या मोठ्या अळ्यांना विशिष्ट वासाबरोबर सौम्य विजेचा झटका दिला. पंख फुटल्यावरही ते पतंग त्या वासापासून दूर गेले. देह असा मुळापासून पालटला, तरी शिकलेले काही उरले. ‘मी’ म्हणजे काय, हे विचारणाऱ्या आपल्या जुन्या प्रश्नाला हा पुरावा उत्तर देत नाही, पण तो प्रश्न अधिक खोल करतो.

महाराष्ट्राने 2015 मध्ये नीलवंताला राज्य फुलपाखराचा मान दिला. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. मला त्याचा अभिमान आहे. पण मान दिल्याने अळीला पान मिळत नाही. उसाच्या सरीतले तण मारताना फवाऱ्याची नळी बांधावरही फिरते, आणि तिथली रुई, टाकळा, तरवड, घोळ, एरंड सगळे एकदम करपते. टाकळा-तरवडावर पिवळी फुलपाखरे, एरंडावर तपकिरी, प्रत्येकाचे झाड ठरलेले. शेजारच्या झाडावर जाऊन भागवण्याची मुभा त्यांतल्या फार थोड्यांना आहे.

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणाऱ्या गावाला ही झाडे परकी नाहीत. म्हणून कृष्णाकाठच्या शेतकऱ्यांना विनंती आहे: तणनाशक सरीत राहू द्या, बांधावर नेऊ नका, आणि रुईच्या पानावर अळी दिसली, तर ते पान तिच्यासाठी सोडा.