सिस्टर आणि आजी



कॉन्व्हेंटमधल्या धर्मभगिनीला आपण ‘सिस्टर’ म्हणतो आणि दवाखान्यातल्या परिचारिकेलाही ‘सिस्टर’च म्हणतो. जिच्याशी रक्ताचे नाते नाही तिला आपण बहीण म्हणतो, कारण दुखण्याच्या रात्री ती बहिणीसारखी उशाशी उभी असते. आजच्या रविवारी अशाच काही बहिणींची आठवण करू या.

वाशिमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल आपल्याला ठाऊक आहे. नाझरीन मंडळीचे हे रुग्णालय १९३० च्या दशकाच्या अखेरीस उभे राहिले. ते उभारणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली अमेरिकेहून भारतात आल्या होत्या. पुढे जीन डार्लिंग नावाच्या परिचारिका आल्या आणि त्यांनी इथल्या मुलींना परिचर्येचे शिक्षण दिले. त्या कॅथोलिक नव्हत्या. पण आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा, असे सांगणारा प्रभू त्यांचा आणि आपला एकच आहे.

तो काळ आठवा. परक्याच्या जखमा धुणे, मलमूत्र काढणे, कुठल्याही जातीच्या बाळंतिणीला हात लावणे ही कामे हलकी मानली जात. चांगल्या घरची मुलगी हे काम करत नाही, असे लोक म्हणत. म्हणूनच आपल्या देशातल्या सुरुवातीच्या परिचारिकांमध्ये ख्रिस्ती मुलीच फार मोठ्या संख्येने होत्या. समाजाने ज्या कामाला नाक मुरडले, ते त्यांनी हाती घेतले.

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, दुसऱ्याचे दुःख आपल्याच काळजाला लागणे आणि ते दूर करायला हात पुढे होणे, ही खरी दया. नुसते हळहळणे म्हणजे दया नव्हे. परिचारिका हे पुस्तकातून शिकत नाही. रात्रपाळीत, तापाने फणफणलेल्या कपाळावर हात ठेवताना ती हे शिकते.

डॉ. स्पायकर आणि जीन डार्लिंग या दोघींनी लग्न केले नाही. म्हणजे त्यांचा वंश संपला का? संत पौल तिमथ्याला लिहिताना त्याच्या विश्वासाचा उगम दाखवतात. तो विश्वास आधी आजी लोईसमध्ये होता, मग आई युनीकेमध्ये, आणि मग तिमथ्यात आला. लोईसने प्रवचने दिल्याचे कुठे लिहिलेले नाही. तरी ख्रिस्तसभेला एक मेंढपाळ मिळाला, त्यात तिचा वाटा आहे. सेवेचेही असेच आहे. एकीने दुसरीला जखम बांधायला शिकवले, दुसरीने तिसरीला. ज्यांच्या कुशीत स्वतःचे मूल नव्हते, त्या किती जणींच्या आजी झाल्या!

अशा स्त्रिया सगळीकडे आहेत. १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा आयर्लंडच्या हजारो मुली घर सोडून तिथल्या रुग्णालयांत परिचारिका झाल्या. त्यांतल्या अनेकींनी तिथेच संसार केले, नातवंडे वाढवली, त्यांना जपमाळ शिकवली. आज काळ उलटला आहे. केरळातल्या आणि इतर राज्यांतल्या आपल्या मुली परिचारिका म्हणून आयर्लंडला जातात. आई परदेशात परक्यांची सेवा करते, तेव्हा कितीतरी घरांत तिच्या लेकरांना क्रुसाची खूण करायला आजीच शिकवते. एक दूर जाते, एक घरी राहते. सेवा दोघींचीही आहे.

पण आजी थकली की आपण काय करतो? जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या, तिच्या खाटेपाशी बसायला घरात कोणाला वेळ नसतो. औषध वेळेवर देतो, पण दोन शब्द बोलत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबांचा जागतिक दिवस सुरू केला. आपण मात्र जुलैची वाट पाहू नये.

या आठवड्यात दोन गोष्टी करा. घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध आईपाशी अर्धा तास बसा आणि तिला विचारा, “आजी, तुम्हाला प्रार्थना कोणी शिकवली?” मुलांनाही सोबत न्या. आणि तुमच्या आजारपणात ज्या सिस्टरने तुमची सेवा केली, तिच्यासाठी आज मिस्सेत मनातल्या मनात प्रार्थना करा. नाव आठवत नसले तरी चालेल; प्रभूला ते ठाऊक आहे.

प्रभू त्या सर्वांना चिरशांती देवो आणि त्यांच्या हातांची माया आपल्या हातांत उतरवो. आमेन.

तुमचा धर्मगुरू