सुडाचें समाधान

सूड पाहून होणारें समाधान न्यायाचें असतें काय? ‘ग्लॅडिएटर’ (२०००) या चित्रपटांत मॅक्सिमस पत्नी व पुत्र यांच्या वधाबद्दल रोमन सम्राट कॉमोडसला रिंगणांत ठार करतो आणि स्वतःही मरतो. आम्ही प्रेक्षक मात्र तृप्त मनानें घरीं परततों.

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत २१ डिसेंबर १९०९ रोजीं ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगीं खराच सूड घडला. बाबाराव सावरकरांच्या जन्मठेपेबद्दल अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजीं कान्हेरे, कर्वे व देशपांडे फांसावर गेले. बाबारावांची शिक्षा त्यानें टळली नाहीं.

सूड घेणारा प्राणांचें मोल देतो, पाहणारा केवळ तिकिटाचें. अशा स्वस्त तृप्तीस न्याय म्हणावयास आमचें मन धजत नाहीं.