शेजारच्या वाडीतला ताण

काकांच्या रेडिओच्या खोलीत दोन वह्या असतात. एक लॉगची: कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, जगाच्या कुठल्या कोपऱ्यातला माणूस भेटला. दुसरी टॉवरची. या दुसऱ्या वहीत गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातली एक ओळ माझ्या अक्षरात आहे: ‘तिन्ही ताण तपासले. ठीक.’

ही ओळ खोटी आहे. दोन तपासले होते. तिसरा अर्धवट.

काका माझे नात्याने कुणी नाहीत. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना काढला आणि कुणीतरी त्यांच्याकडे पाठवलं. अलिबागजवळ त्यांची नारळी-पोफळीची वाडी आहे. वाडीत चाळीस फुटांचा लोखंडी टॉवर, दहा-दहा फुटांचे चार तुकडे एकावर एक. वर तीन दांड्यांचा यागी अँटेना, आणि तो फिरवायला रोटेटर. रोटेटर म्हणजे एक मोटर आणि गिअरचा डबा. खोलीत बसून बटण दाबलं की वर अख्खा अँटेना सावकाश वळतो, पूर्ण फेरीला साधारण एक मिनिट लागतं. इकडून लंडन गाठायचं तर तोंड वायव्येला करायचं. न्यूयॉर्कसाठी त्याहून आणखी उत्तरेला, कारण जवळचा रस्ता पृथ्वीच्या डोक्यावरून जातो. शाळेतल्या सपाट नकाशाने माझी जी फसवणूक केली होती ती त्या बटणाने दुरुस्त केली.

असा टॉवर स्वतःच्या पायांवर उभा नसतो. विजेच्या खांबाला देतात तसे त्याला तीन दिशांनी तारांचे ताण दिलेले असतात, आणि प्रत्येक ताण जमिनीत काँक्रीटमध्ये पुरलेल्या एका गजाला बांधलेला असतो. तारा ठरावीक अंतरावर न्याव्या लागतात, फार जवळ बांधल्या तर त्या टॉवरला आडवं धरण्याऐवजी खाली दाबतात. त्यामुळे काकांचा एक गज विहिरीशेजारी आहे, एक गोठ्यामागे आणि तिसरा कुंपणापलीकडे, शेजारच्या वाडीत. 1994 साली टॉवर उभा केला तेव्हा काकांनी शेजाऱ्यांना विचारलं होतं. ते ‘ठोका की’ म्हणाले होते. ते गृहस्थ आता नाहीत. त्यांचा मुलगा मुंबईला नोकरीला असतो आणि घर सूनबाई बघतात, ज्यांना मी वहिनी म्हणतो. त्या गजाला वहिनींनी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा त्याच्याभोवती गोल गोल फिरतो.

नोव्हेंबरात तो तिसरा गज तपासायला मी गेलो तेव्हा उजेड कमी होता. नियम असा की गजाशेजारची माती उकरून बघायची. जमिनीवरचा भाग झिंकचा मुलामा लेवून छान दिसतो, गंज खातो तो मातीखाली, काँक्रीट सुरू व्हायच्या आधीच्या वितीत. मी दोन इंच उकरलं. हाताला पापुद्रे लागले. शेवटची एसटी गाठायची होती. मी माती परत लोटली, वर पाय दाबला आणि वहीत ‘ठीक’ लिहिलं.

त्या क्षणी मला वाटलं होतं की मी फक्त काम पुढे ढकलतोय.

मे महिन्यात, पावसाआधी, परत गेलो. मधल्या काळात पुण्यात रात्री वारा सुटला की मला जाग यायची, एवढंच सांगतो. पहारीने फूटभर खणलं. सोळा मिलिमीटरचा गज जमिनीखाली पेन्सिलीएवढा झाला होता. इथे एक हिशेब सांगायला हवा, कारण डोळा फसतो. व्यास निम्मा झाला म्हणजे ताकद निम्मी होत नाही, पावपट होते. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. एक बाजू वर्गाने घटतेय, दुसरी वर्गाने वाढतेय, आणि मधल्या जागेत एक मुलगा गोल फिरतोय.

काकांना दाखवलं. ते खाली वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “निसर्गात टिकला की रे.”

3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ. ते याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं होतं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. काकांच्या निम्म्या पोफळी मोडल्या, गोठ्याचे पत्रे कुठे गेले ते आजवर सापडले नाहीत, पण टॉवर उभा राहिला. काकांना त्याचा अभिमान आहे आणि तो वाजवी आहे. पण त्या वादळाने आणखी एक गंमत केली होती. अँटेनाचा दांडा रोटेटरच्या पकडीत सरकला होता. खोलीतला काटा रोटेटर कुठे वळलाय ते दाखवतो, अँटेना कुठे बघतोय ते त्याला माहीतच नसतं. त्यामुळे काही महिने काका काटा युरोपवर ठेवून बसत आणि युरोप क्षीण का येतोय म्हणून हवामानाला दोष देत. लॉकडाऊन उठल्यावर मी वर चढलो तेव्हा कळलं की अँटेना पार भलतीकडे तोंड करून होता.

पाच वर्षांपूर्वी टिकला ही गोष्ट खरी आहे, पण ती त्या वेळच्या गजाबद्दलची आहे. तो गज आता नाही. टिकणं हा पुरावा आहे असं आपण धरतो, आणि माझ्या धंद्यात तर हा जवळजवळ धर्म आहे: चालतंय ना, मग हात लावू नकोस. तरी काकांना हे पटवायला फार वेळ लागला नाही. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलेला माणूस आहे, गंज त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो.

वाद झाला तो पुढच्या प्रश्नावर. मी म्हणालो, “वहिनींना सांगायला हवं.”

“काय सांगणार? आपण दुरुस्त करतोय ना?”

“गेलं वर्षभर धोका होता, हे.”

“काही झालं का?”

“नाही.”

“मग? सांगून तुझं ओझं उतरेल आणि तिच्या डोक्यावर बसेल. ती घाबरेल, काढा म्हणेल. माझं जाऊ दे, पण तिची झोप कशाला घालवतोस?”

हा युक्तिवाद मी इथे सौम्य करून मांडत नाहीये. तो मला अजूनही जड जातो. आपण कबुली म्हणतो त्यातला किती भाग समोरच्यासाठी असतो आणि किती स्वतःच्या पाठीवर हात फिरवून घेण्यासाठी? जे घडलं नाही त्याची माफी मागणं हा एक प्रकारचा लाड असू शकतो.

थॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने बर्नार्ड विल्यम्ससोबत 1976 मध्ये नैतिक नशीब या विषयावर लिहिलं. त्याचं एक उदाहरण असं: एक चालक ब्रेक तपासायचा कंटाळा करतो. त्याच्या गाडीसमोर मूल आलं तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देत राहील, आलं नाही तर ब्रेकची गोष्ट विसरूनही जाईल. कंटाळा दोन्हीकडे तोच. फरक फक्त रस्त्यावर कोण आलं याचा. मी दुसरा चालक आहे, मूल समोर न आलेला. नेगेल वाचताना वाटतं की आपण दोन्ही चालकांना सारखंच धरायला हवं, पण प्रत्यक्षात कुणीच तसं धरत नाही, मीही नाही. मे महिन्यात तो गज बघून मला पहिल्यांदा जे वाटलं ते अपराधीपण नव्हतं. सुटलो, असं वाटलं.

योगायोगाने त्याच वर्षी, 1976 मध्ये, अमेरिकेत नासाने वैमानिकांसाठी एक व्यवस्था सुरू केली: अपघात होता होता वाचला तर नाव गुप्त राखून कळवा. न झालेल्या अपघाताला माहिती म्हणून किंमत आहे हे तिथे मान्य केलं गेलं. मला हे आवडतं, पण आमच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही. ती माहिती इतर वैमानिकांसाठी असते. वहिनींना टॉवर बांधायचा नाहीये. त्यांना माहिती देऊन पुढचा अपघात टळणार नाही, तो नवीन गजाने टळेल.

मग सांगायचं कशाला?

मला उत्तर सापडलं ते दोरीत. वहिनींनी दोरी त्या गजाला बांधली, कारण तो गज भक्कम आहे असं त्या धरून चालल्या. मुलाला तिथे खेळू देणं हाही त्यांचा निर्णय, त्याच भरवशावरचा. तो भरवसा त्यांना कुणी दिला? सासऱ्यांच्या ‘ठोका की’ने आणि माझ्या ‘ठीक’ने. दोन्ही वेळा त्यांना कुणी विचारलं नाही. ब्राझीलचा आवाज ऐकण्याचा आनंद काकांचा आणि माझा, आणि पडण्याची जागा त्यांची. हे गणित वाईट असेलच असं नाही; शेजार म्हणजे असली गणितं चालवून घेणंच असतं. पण चालवून घ्यायचं की नाही हे ज्याच्या अंगणात पडणार त्याने ठरवावं. मी गप्प बसलो तर त्यांची झोप मी ठरवली, आणि त्यांचं अंगणही. काका ज्याला काळजी म्हणत होते ती, नीट बघितलं तर, परवानगी परत मागायची भीती होती.

हे मी काकांना एवढं सरळ बोललो नाही. वय चौऱ्याहत्तर, टॉवर एकतीस वर्षांचा, आणि ‘काढा’ म्हणाली तर पुन्हा उभा होणार नाही हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी फक्त म्हणालो, “काका, वहीत खोटं मी लिहिलंय, तुम्ही नाही. मी एकटा जातो.” ते काही बोलले नाहीत, पण पायात चपला घालून माझ्यामागून आले.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं: नोव्हेंबर, दोन इंच, शेवटची एसटी, ‘ठीक’. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून गजापाशी गेल्या, खड्ड्यात बघितलं आणि विचारलं, “पडला असता तर कुठवर आला असता?”

काकांनी बोट दाखवलं. पडवीच्या पायरीपर्यंत.

त्या म्हणाल्या, “तेव्हाच का नाही सांगितलंत?” एसटीचं कारण मी आधीच सांगून बसलो होतो, त्यामुळे माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

त्यांनी काढा म्हटलं नाही. कमी करा म्हणाल्या, आमच्या घरापर्यंत पोचणार नाही एवढा. काम दोन दिवस चाललं. गज संशयित असताना टॉवरवर चढायचं नसतं, म्हणून आधी आंब्याच्या बुंध्याला तात्पुरता ताण दिला, मग मी वर गेलो. पट्ट्याच्या दोन दोऱ्या, त्यातली एक कायम अडकवलेली. अँटेना, रोटेटर, वरचे दोन तुकडे, एकेक करून दोराने खाली. दोर धरायला काका आणि वाडीतला एक गडी. वीस फुटांवर अँटेना परत चढवला. नवे ताण आता काकांच्याच आवारात मावतात. कुंपणापलीकडचा गज मी कापून काढला, काँक्रीट तिथेच आहे.

काका तेव्हापासून कुरकुरतात. पोफळी आता अँटेनापेक्षा उंच आहेत, युरोप पूर्वीसारखा येत नाही, ब्राझील तर मुश्किलीने. गेल्या महिन्यात फोनवर पुन्हा तेच म्हणाले. मी विचारलं, वहिनींनी दोरी कुठे बांधली?

“बांधलीच नाही अजून,” ते म्हणाले. “कपडे गच्चीवर टाकते.”