नाव आणि नक्षी

भिलाईच्या सिव्हिक सेंटरमध्ये किंवा सुपेल्याच्या बाजारात ‘पाकिस्तानी सूट’ मागितला, तर लांब कुडता व सैल सलवार पुढे येते. कापड बहुधा सुरतेचे असते. हे नाव गावाचे नसून घाटाचे आहे, एवढे गिऱ्हाइकास ठाऊक असले की त्यात असत्य उरत नाही. उपवासाचे सैंधवही नावाने सिंधूचेच आहे.

अस्सल कराचीचा कपडा परदेशस्थ आप्तांना दुबईत वा लंडनमध्ये ‘खाडी’सारख्या पेढीच्या दुकानात मिळतो. येथे मात्र २०१९ मध्ये त्यावर २०० टक्के जकात बसली आणि २ मे २०२५ पासून तिसऱ्या देशातून वळसा घेऊन येणारी आयातही निषिद्ध ठरली.

खरा प्रश्न यापुढचा आहे. कराचीच्या कोणा कलावतीची वेलबुट्टी येथे जशीच्या तशी छापणे नीतीस धरून आहे काय? ‘ज्या देशाशी व्यवहारच नाही, त्याचे देणे कसले?’ असे कोणी म्हणेल. राज्याने खरेदी वर्ज्य केली, हे आम्ही मानतो. परंतु खरेदीस बंदी म्हणजे उचलेगिरीस परवाना नव्हे. वैऱ्याचे काही नको म्हणावयाचे आणि त्याचीच नक्षी अंगावर मिरवावयाची, यात ना त्याग, ना देशाभिमान.

घाट सर्वांचा असतो. सलवार-कुडता फाळणीपूर्वीही पंजाबात दोन्हीकडे शिवला जात होता. नक्षी मात्र एका हाताची असते. ती आवडली, तर तिच्यापासून शिकून आपण दुसरी काढावी. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या सोव्हिएत करारान्वये उभा राहिला. ते ऋण येथे कोणी लपविले नाही, आणि त्यामुळे आमचे पोलाद परके झाले नाही.