चालती निष्ठा

निष्ठा म्हटली की एका मूर्तीपुढे अचल उभे राहणे एवढेच आपल्या मनात येते. परंतु कल्याणहून मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वस्त्यांत १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या रात्री ढोलकीवर थाप पडते, पेटीचा सूर लागतो आणि लोककवी वामनदादा कर्डकांचे गीत उठते, तेव्हा निष्ठा गावोगाव चालतही जाते, हे उमगते.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा पोटासाठी मुंबईत आले ते निरक्षरच. कोणी वाचायला पत्र पुढे केले, ते वाचता आले नाही, ती लाज जिव्हारी लागली, आणि देहलवी नावाच्या शिक्षकांकडून मुळाक्षरे गिरवून घेऊन, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी जोडाक्षरे आपलीशी केली. ज्याला आयुष्यभर शब्दाला जागायचे आहे, त्याने आधी शब्दाचे शिष्यत्व पत्करावे, हा निष्ठेचा पहिला थर.

१९४३ मध्ये पहिले गीत सुचले, त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे दर्शन घडले, आणि त्या गाण्याला दिशा मिळाली. पुढे ६ डिसेंबर १९५६ उजाडला, ज्यांच्यासाठी गायचे ते बाबासाहेब दृष्टीआड झाले. तरीही पाठीशी कोणती कंपनी नसताना, मिळेल त्या वाहनाने आणि मिळेल त्या भाकरीवर, वामनदादा महाराष्ट्रभर गात हिंडले, ते १५ मे २००४ रोजी देह ठेवीपर्यंत. दर्शन संपल्यावरही जी सेवा थांबत नाही, तीच खरी निष्ठा.

अजून एक थर उरतो. तुकोबा अभंगाच्या अखेरीस आपले नाव ठेवतात, तसे वामनदादाही अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ गुंफतात. हजारो गीते दुसऱ्यांच्या कंठी सोपवून मोकळा झालेला हा माणूस त्या एका नावाने मालकी सांगत नाही, तर गायिलेल्या शब्दाची जबाबदारी शिरावर घेतो. बोललेल्या शब्दाखाली सही करण्याचे धैर्य हा निष्ठेचा गाभा.

म्हणून विनंती एवढीच, की आपल्या वस्तीतल्या जुन्या गायकांना ही गीते पाठ आहेत तोवर ती त्यांच्याकडून उतरवून घ्या, आणि गाताना नाव असलेले शेवटचे कडवे गाळू नका.