किडा कोणाचा वैरी?

गोदावरीच्या कालव्यांनीं कोपरगांव तालुक्यांत ऊस आणिला आणि उसानें पुष्कळ घरांची चूल पेटती ठेविली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु जेथें बाजरी, मटकी, करडई व बांधावरच्या बोरीबाभळी शेजारीं शेजारीं नांदत, तेथें आतां दूरवर एकच पीक उभें असतें. एकच पीक म्हणजे त्यावर जगणाऱ्या किडीस अखंड पंगत. आणि कीड वाढली कीं विषारी फवारा ओघानेंच येतो. मग शेत आमचें, म्हणून त्यांतील प्रत्येक जीवाचा निकाल लावण्याचा अधिकारही आमचाच काय?

उसाचीच एक हकीकत पाहूं. सन २००२ मध्यें सांगली जिल्ह्यांत उसावर लोकरी मावा पडला व लवकरच इतर ऊसपट्ट्यांत पसरला. पानांखालीं पांढरी लोकर, पानांवर काळी बुरशी. शेतकरी हवालदिल झाले. दाट उसांत फवारणी नीट होईना. अखेर मावा आटोक्यांत आणिला तो मुख्यत्वें डिफा नांवाच्या पतंगाच्या अळीनें व मायक्रोमस नांवाच्या कीटकानें. दोघेही मावा खाऊन जगतात. 'अळी दिसली कीं मारावी' हा ज्याचा नियम, त्यानें आपल्या राखणदारासच मारिलें असतें.

कोणी म्हणेल, "डोक्यावर कर्ज आहे, पीक गेलें तर मुलांनीं काय खावें?" हा प्रश्न खरा आहे. फवारा कधींच मारूं नये असें सांगणाऱ्यास शेतकऱ्याचें दुःख ठाऊक नाहीं. पण गरजेनें मारणें निराळें, व न पाहतां भयानें मारणें निराळें.

शिवाय विष बांध ओळखीत नाहीं. जर्मनींतील राखीव रानांत १९८९ ते २०१६ ह्या काळांत उडणाऱ्या कीटकांचें एकूण वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटलें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील बहुतेक रानांभोवतीं शेतीच होती. आमच्या शेजाऱ्यानें कांद्याचे गोंडे बीजासाठीं राखिले असतील, तर त्यास मधमाशी हवी. ती आमच्या फवाऱ्यानें मेली तर नुकसान कोणाचें? येथें मालकी संपते व शेजारधर्म सुरू होतो.

बंधुभगिनींनो, पंप खांद्यावर घेण्यापूर्वीं पानें उलटून पाहा. कोण खातो व कोण राखतो हें ओळखा. पीक फुलांवर असतां हात आवरा. बांधाचा एक कोपरा रानफुलांस सोडा. ज्याचा उपयोग आम्हांस कळत नाहीं, त्यास मारण्याची घाई आम्ही करूं नये.